आतून आलेलं सरबत

भाऊ,

बाजारपेठेच्या तोंडाशी, रसवंतीसमोर, तुम्हाला उभं केलंय. दुमजली उंचीचा फ्लेक्स आहे. पांढरा सदरा, धोतर, काळी टोपी, ते तुमचं सगळ्या महाडला ठाऊक असलेलं अर्धं हसू, आणि हातात दुनळी बंदूक. बंदुकीच्या नळ्या थेट रस्त्यावर रोखलेल्या. रसवंतीवर रस पीत उभ्या असलेल्या माणसांच्या बरोबर छातीवर. मी परवा तिथून चालले होते, भाजीची पिशवी हातात, आणि वर बघून जागच्या जागी थांबले. रसवाला म्हणाला, "बाई, भाऊ काय झकास दिसतात ना?" मी म्हटलं, "झकास दिसतात, पण हे भाऊ नाहीत." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते.

तो फोटो माझा आहे, भाऊ. म्हणजे आपल्या दोघांचा, बापलेकीचा आहे. मी आठ वर्षांची होते आणि तुम्ही मला पांचगणीच्या कॉन्व्हेंटला पोचवायला निघाला होता. दुकानाच्या पायरीवर तुम्ही उभे, शेजारी मी, माझ्या पायाशी पत्र्याची ट्रंक, आणि तुमच्या हातात माझी छत्री. नवी कोरी, काळी, बांबूच्या मुठीची. तिकडे पाऊस वेड्यासारखा पडतो म्हणून तुम्ही ती मुद्दाम मुंबईहून मागवली होती. आता फ्लेक्सवर ट्रंक नाही, मी नाही, आणि छत्रीची बंदूक झाली आहे. छत्रीचं टोक जमिनीकडे होतं. बंदूक मात्र वर उचलली गेली, का तर तशी जास्त शोभते. तुमच्या नातवाला मी विचारलं, "हे काय केलंस?" तर म्हणतो, "आत्या, छत्री हातात घेऊन बंदुकीचं दुकान कसं दाखवू? लोक म्हणतील छत्रीवाला." मी म्हटलं, "छत्रीवाला म्हटलं असतं तर तुझ्या आजोबांना चाललं असतं. हे चाललं नसतं."

कारण त्याच सकाळी, फोटो काढून झाल्याझाल्या, मी ती छत्री खांद्याला लावून समोरून येणाऱ्या पोस्टमनवर रोखली होती, आणि तोंडाने ठो म्हटलं होतं. गल्ली हसली. तुम्ही हसला नाहीत. दोन बोटांनी छत्रीचं टोक धरून तुम्ही ते खाली जमिनीकडे वळवलंत. "नळी कुणाकडे करायची नाही." मी म्हटलं, "पण ही छत्री आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे छत्री. हाताला सवय लागते." चारचौघांत बोललात म्हणून मी पोलादपूर येईपर्यंत रडत होते, आणि पुढे आंबेनळीच्या घाटात एसटी लागली म्हणून रडत होते, आणि तुम्ही सगळा वेळ ती छत्री दोन गुडघ्यांमध्ये टोक खाली करून धरून बसला होता. आता तुम्हीच रसवंतीवर नेम धरून उभे आहात, दिवसरात्र, दिव्याच्या झोतात.

पण नातवावर चिडून मी कधीच मोकळी झाले. त्याला चार शब्द ऐकवले, त्याने ऐकून घेतले, संपलं. हा राग तुमच्यावरचा आहे. तो जुना आहे आणि मी तो तुम्ही असताना पुरता काढला नाही, कारण तुम्ही लोकांना इतके आवडायचात की तुमच्यावर चिडणाऱ्या माणसाचंच काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

आपलं दुकान पुढे आणि घर मागे. दोन्हींच्या मधे एक दार, आणि दारापलीकडे लगेच आईचं स्वयंपाकघर. तुम्ही रोज दुकानातून आत येताना ती तुम्हाला उंबऱ्यावरच थांबवून हात राखेने घासायला लावायची, कारण बंदुकीच्या तेलाचा वास भाताला लागतो म्हणे. दुकानात यायचे ते सगळे वरच्या वाड्यांवरचे शेतकरी, रानडुकरांनी नाचणीचा आणि वानरांनी फणसांचा सत्यानाश केलेला, हातात पीकसंरक्षणाचा परवाना घेऊन. तुम्ही त्यांना बसवून घ्यायचात, डुकरांची चौकशी करायचात, गुरांची करायचात. कोणाची ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की नावाआधी गाव सांगायचात. माणसं अर्धी तुम्हाला भेटायलाच येत. हे सगळं खरं आहे. मी नाकारत नाही.

मे महिन्याची सुट्टी आहे. मी पांचगणीहून आले आहे आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून फणसाचे गरे सोडवते आहे. एक बाई दुकानाच्या पायऱ्या चढते. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या कुठल्यातरी वाडीवरची. डोक्यावर गोधडीत गुंडाळलेलं लांबट गाठोडं. एसटीच्या कंडक्टरला ते मुसळ वाटलं होतं, असं तिने नंतर आईला सांगितलं. ती गाठोडं तुमच्या टेबलावर ठेवते आणि सोडते. आत बंदूक. तुम्हीच विकलेली.

"ही घ्या तुमची. माज्या घरात नको," ती म्हणते. "दारू चढली का पोरांवर धरतो. डुकरावर एकदा तरी धरली का इचारा त्याला."

तुम्ही उठून उभे राहता. तुमचा आवाज मऊ होतो, तो तसा व्हायचाच. "बाई, परवाना त्याच्या नावावर आहे. तुझ्याकडून मला घेता येत नाही. त्याला घेऊन ये उद्या."

"तो यल का?" ती विचारते.

तुम्ही गोधडीचं टोक परत बंदुकीवर ओढता. आणि तेवढ्यात माझ्या अंगावरून ओलांडून आई दुकानात जाते. आपल्या घरातली बाई दुकानात पाऊल टाकत नसे, आणि आई जाते, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ लागलेल्या हातांनी. ती बंदूक उचलते. लाटणं उचलावं तशी. "कायद्याचं काय ते ह्यांना मी सांगते," ती म्हणते. "तू आत ये. पाणी पी."

त्या दुपारी तुमचा पाट मांडलेला होता, ताट मांडलेलं होतं, आणि ताटात काही नव्हतं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. म्हणाली, "आजपासून ज्या घरात बंदूक जाईल त्या घरची बाई आधी माझ्या चुलीपाशी येऊन बसेल. तिचं मी ऐकेन. मग तुम्ही विका. जमत नसेल तर भात त्या बंदुकीकडून वाढून घ्या."

तुम्ही रिकामं ताट बाजूला सारलंत. मग म्हणालात, "आणि नवऱ्याला काय सांगू? तुझी बायको नको म्हणते, असं सांगू? घरी नेऊन मारेल तिला." हे तुम्हाला सुचलं, ते मी तुमच्या खात्यावर जमा धरते. आई म्हणाली, "तुम्ही दुकानदार आहात. माल नाही म्हणून सांगायला कधी जड गेलंय तुम्हाला?" आणि तिथेच, भात वाढण्याआधी, सगळं ठरलं. बाई आत येईल, आईशी काय बोलायचं ते बोलेल. तिची हरकत नसेल तर आतून बाहेर चहा येईल. हरकत असेल तर कोकमाचं सरबत. नवऱ्याला कधीच काही कळणार नाही. ती गोधडीतली बंदूक तुम्ही तिच्या नवऱ्याला बोलावून रीतसर दुरुस्तीला ठेवून घेतलीत, आणि ती दुरुस्ती तो माणूस जिवंत होता तोवर संपली नाही.

सुट्टीत ट्रे नेण्याचं काम माझं. चहा नेला की तुम्ही परवाना पुढे ओढायचात. सरबत नेलं की तुम्ही एक घोट घ्यायचात, बंदूक बिजागरीत मोडून उघडायचात, नळी डोळ्याला लावायचात, उजेडाकडे बघायचात आणि "हूं" करायचात. "ह्या नळीला आतून चरा आहे हो. तुम्हाला असला माल देऊन मला झोप लागायची नाही." आणि ज्याला तुम्ही नाकारलंत तोच माणूस हात जोडून, तुमच्या सचोटीची तारीफ करत पायऱ्या उतरायचा. तिकडे कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलणं पाप आहे असं मला रोज सांगत होते. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही त्या माणसांशी खोटं का बोलता. तुम्ही म्हणालात, "मी कुठे खोटं बोलतो गं? मी सरबत पितो." आई आतून हसली. मी पण हसले. असं होतं तुमचं. रागावलेलं माणूस हसून जायचं आणि राग तसाच राहायचा.

आता त्या सत्काराबद्दल. मी तोपर्यंत शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते आणि रजा घेऊन आले होते. गावाने तुम्हाला शाल दिली, नारळ दिला. आई आणि मी बायकांच्या बाजूला बसलो होतो. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "माझा एक नियम आहे. घरच्या बाईला विचारल्याशिवाय मी बंदूक देत नाही. बाईच्या डोळ्यांत बघितलं की मला कळतं." टाळ्या. भाऊ, तुम्हाला कळतं? तुमच्या स्वतःच्या बायकोच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, तो तुम्हाला कळला नव्हता, मी येऊन सांगितला. तुम्ही त्या बायकांपैकी एकीशीही दोन वाक्यं बोलला नव्हता. त्या आत बोलत होत्या, धुरात, आईशी. कुणी सांगे की नवरा भला आहे पण दीर वाईट आहे. कुणी काहीच सांगत नसे, फक्त दंडावरचं पोलकं वर करून दाखवी. आई ऐकायची, आणि एक भांडं चुलीवर चढवायची किंवा नाही चढवायची. हा सगळा नियम.

मी आईला म्हटलं, "ऐकतेस ना?" ती म्हणाली, "बोलू दे गं. चहा तर माझ्याच हातचा पितात." पण मी तिच्यासारखी नाही. घरी येताना रस्त्यातच मी तुम्हाला विचारलं की आईचं नाव का घेतलं नाहीत. तुम्ही शाल सावरत शांतपणे म्हणालात, "बायकोच्या सांगण्यावरून दुकान चालतं म्हटलं तर कोण ऐकेल? माझं नाव आहे म्हणून नियम चालतो." आणि आई पुढे चालत होती, तिने ऐकलं.

ते वाक्य मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्यात नुसता अपमान नाही, नुकसान आहे. तुम्ही नियम स्वतःच्या नावावर ठेवलात, म्हणून तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्याबरोबर गेला. आई त्यानंतरही किती वर्षं होती. चूल होती, कोकम होतं, आई होती, आणि तुमच्यामागे दुकान चालवणाऱ्या माझ्या दादाने एकाही बाईला आत बोलावलं नाही, कारण भाऊंसारखं डोळ्यांत बघून ओळखणं आपल्याला जमणार नाही असं त्याला खरोखर वाटत होतं. तो मला तसं म्हणाला. मी सांगितलं त्याला खरं काय ते. तो म्हणाला, "तू आईची बाजू घेतेस." आईच्या नावावर असता तर नियम सुनेकडे आला असता, माझ्याकडे आला असता, कोणाकडेतरी आला असता. मग दादाही गेला, घर वर नव्या इमारतीत गेलं, आणि स्वयंपाकघरात खोकी आली.

आता दुकानाचं शोरूम झालंय. काचा, गारवा, भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण होती तिच्यावर चकचकीत फळ्या. उद्घाटनाला पहिली बंदूक पाहुण्यांच्या हस्ते एका प्रगतशील शेतकऱ्याला द्यायची ठरली. हा प्रगतशील शेतकरी मुंबईहून परत आलेला, दोन जेसीबी बाळगून असलेला, आणि स्वतःच्या भाताच्या खाचरात बहुधा लहानपणी शेवटचा उतरलेला. त्याची बायको दोन दिवस आधी माझ्याकडे आली. तळ्यामागच्या माझ्या फ्लॅटचे जिने चढून, दारात चपला काढून, उभीच.

"तुमी भाऊंच्या ना?" ती म्हणाली. "माजी सासू सांगायची, भाऊंच्या दुकानात बायकांना आत बोलवून चा देतात."

"देत असत," मी म्हटलं.

"मंग मना कोन बोलवनार?"

मी तिला बसवलं. तिने पदराचं टोक दातात धरलं, सोडलं. "मारत नाय तो," ती म्हणाली. "पन पियाला का मोबाईलवर बंदुकांचे व्हिडिओ बगत बसतो. परवा पोरीच्या कानशिलाला टीव्हीचा रिमोट लावला न् ठो केला. हसला मोट्यानं. पोर नाय हसली. आज रिमोट हाय. उद्या ती वस्तू आल्यावर काय लावील?"

मी तशीच दुकानात गेले. तुमचा नातू म्हणाला, "आत्या, परवाना आहे, पोलीस चौकशी झालीय, डॉक्टरचा दाखला आहे. मी नाही म्हणणारा कोण?" मी म्हटलं, "तुझे आजोबा कोण होते?" तो म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी." ठीक आहे, मी म्हटलं. मग मी भाषणात छत्रीची गोष्ट सांगते, मूळ फोटो माझ्याकडे आहे, मोठा करून आणते. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आत्या, प्लीज." मी म्हटलं, "मागच्या खोलीतली खोकी हलव. शेगडी मी आणते. आणि नीट ऐक. आतून चहा आला तर बंदूक दे. सरबत आलं तर नळीला चरा आहे." तो म्हणाला, "पण पाहुणे बसलेले असणार!" "मग त्यांनाही सरबत दे. उकडतंय."

मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. इंग्लिशमध्ये बोल, बरं दिसतं, असं नातू म्हणाला होता. मी माईक घेतला आणि मराठीत म्हटलं, "आजच्या पहिल्या बंदुकीच्या आधी एक रीत राहिली आहे. ज्या घरात बंदूक जाणार त्या घरच्या बाईने आत येऊन बसायचं. भाऊंचा नियम आहे."

मंडपात एकदम शांतता झाली. मग तो जेसीबीवाला मांडी पसरून हसला. "अरे मॅडम, बायकोला क्या समजता बंदुकीतला? टाइमपास कशाला?" आणि पहिल्या रांगेतला एक म्हातारा, वरच्या वाडीवरचा असावा, काठी आपटून म्हणाला, "गप बस रं. माज्या आयशीला आत बसवली व्हती भाऊंनी, माजा बाप गप बसला व्हता. तू कोन मोठा लागून गेलास?" सगळे हसले. बायकांच्या शेवटच्या रांगेतून ती उठली आणि खाली मान घालून माझ्यामागे आली.

जिथे चूल होती तिथे आता पाणी गाळायचं मशीन आहे. आम्ही दोघी दोन खोक्यांवर बसलो. तिला जे सांगायचं ते तिने आधीच सांगितलं होतं. फक्त म्हणाली, "त्याला कलनार नाय ना?" मी म्हटलं, "आजवर एकालाही कळलेलं नाही." शेगडी मी पेटवलीच नाही. कोकम घरून आणलेलं होतं. ट्रे घेऊन मीच गेले, ह्या वयात, इतक्या लोकांसमोर, गुडघे कुरकुरत.

तुमच्या नातवाने ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, कच खाणार. त्याने एक घोट घेतला, बंदूक उचलली, मोडली, नळी ट्यूबलाइटकडे करून डोळ्याला लावली आणि "हूं" केलं. भाऊ, हुबेहूब. तो तर तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता. "साहेब, माफ करा," तो म्हणाला. "ह्या नळीला आतून चरा आहे. कंपनीला परत पाठवावी लागेल." तो माणूस उठला. "नवीन पीस हाय ना?" "नवीन आहे म्हणूनच आत्ता सापडला." कोणीतरी टाळी वाजवली. बघा, नातू आजोबांवर गेला. तो माणूस चारी बाजूंना बघून शेवटी हसला, दुसरं काय करणार. आणि त्याची बायको बाहेर येत त्याला म्हणाली, "बरा झाला बाय. असला माल घरात आला असता म्हंजे?" मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर मलाच हसू आलं असतं.

तो पुण्याहून आणेल बंदूक, कदाचित. मला ते ठाऊक आहे. तिला मी माझा फोन नंबर दिलाय, आणि नातवाला सांगितलंय की शेगडी आता तिथेच राहील. फ्लेक्स आठवडाभराने उतरेल म्हणतो. छत्री परत लावून दे म्हटलं तर नुसती मान खाली घालतो.

आता राहिलं ते एवढंच. मी घरून वाक्य पाठ करून निघाले होते. "माझ्या आईचा नियम आहे," हे वाक्य. रिक्षात दोनदा पुटपुटले. माईक हातात आला, समोर तो मांडी पसरून बसला होता, मागे ती पदर चावत होती, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव आलं. कारण तुमच्या नावाने मंडप गप्प बसेल हे मला कळत होतं, आणि आईच्या नावाने हसला असता. तुम्ही शाल सावरत जे म्हणालात ते खरं निघालं, आणि ते माझ्याच तोंडून खरं निघालं, ह्याचा मला इतका संताप आहे की हे सगळं लिहूनही तो उतरलेला नाही. कार्यक्रमानंतर तो म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ म्हंजे देवमानूस. बाईच्या डोल्यांत बगून वलखायचे." मी मान डोलावली.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच. घडी घालून कोकमाच्या बरणीखाली ठेवते, तिथे दुसरं कोणी हात घालत नाही. फक्त एक गोष्ट तिथल्या कुणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. तुमचं नाव घेतल्यावर मंडप चिडीचूप झाला ना, तेव्हा मला फार बरं वाटलं, भाऊ.